विषाद, मद आणि दोषाचा प्रश्न

संस्कृतातील ‘व्यसन’ ह्या शब्दाचे मराठी करताना भाषांतरकारापुढे नेहमी एक अडचण उभी राहते. राज्यावर शत्रू चालून आला, दुष्काळ पडला, कोश रिता झाला, तर त्यास संस्कृत ग्रंथकार व्यसन म्हणतात. आणि राजा स्वतः द्यूताच्या, मृगयेच्या वा मद्याच्या नादी लागला, तर त्यासही व्यसनच म्हणतात. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण ह्याच विषयास वाहिले आहे. त्यात पूर, अग्नी, रोगराई ही संकटे आणि पुरुषाच्या अंगी जडणारे कामज व क्रोधज दोष शेजारी शेजारी बसले आहेत. मनूनेही सातव्या अध्यायात कामापासून होणारी दहा व क्रोधापासून होणारी आठ अशी व्यसने गणली आहेत. मनुष्याला त्याच्या श्रेयापासून दूर फेकून देते ते व्यसन, अशी ह्या शब्दाची फोड जुन्या पंडितांनी सांगितली. मराठीने मात्र ह्यातला संकटाचा अर्थ टाकून दिला आणि दोषाचा तेवढा ठेवला. आज मराठी घरात ‘त्याला व्यसन आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात तिरस्कार प्रथम उभा राहतो, आणि करुणा आलीच तर मागाहून येते. एकाच शब्दात आपत्ती आणि अपराध ही दोन्ही मावत होती, तेव्हा त्या शब्दाने एक अवघड प्रश्न जिवंत ठेवला होता. जो फेकला गेला, तो स्वतः पडला की त्यास कोणी ढकलले?

हा प्रश्न केवळ कोशातला नाही. छत्तीसगडात दुर्ग आणि भिलाई ही नगरे एकमेकांस जोडून वसलेली आहेत, आणि दुर्गच्या अंगाला पद्मनाभपुर ही वसाहत आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे ह्या परिसरात आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे ह्या मुलखाशी मराठीचा संबंध त्याआधी शतकाहून अधिक जुना होता. अशा वसाहतींत घराघरांतून गीतेचे पारायण चालते, गीताजयंती साजरी होते. आणि त्याच घरांपैकी एखाद्या घरात एक दार दिवसभर बंद असते. आत कोणी तरुण महिनोन्महिने बोलत नाही, जेवत नाही. किंवा कोणी कर्ता पुरुष रात्रपाळी संपवून सरळ घरी न येता गुत्त्यावरून येतो. शेजाऱ्यांस ते ठाऊक असते, आणि शेजाऱ्यांस ठाऊक आहे हे घरच्यांसही ठाऊक असते. तरी त्याविषयी कोणी बोलत नाही.

हे क्वचित घडते असेही नाही. बंगळूरच्या निमहांस संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची राष्ट्रीय पाहणी केली. त्यांत छत्तीसगड होते. त्या पाहणीनुसार दर शंभर प्रौढांत दहांहून अधिक जणांस त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत शंभरांतील सत्तर ते ब्याण्णव रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. २०१९ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात दहा ते पंच्याहत्तर वर्षे वयाच्या लोकांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण देशभर १४.६ टक्के आढळले; छत्तीसगडात ते ३५.६ टक्के होते. ज्या राज्याने २०१७ मध्ये किरकोळ मद्यविक्री आपल्याच निगमाच्या हाती घेतली, त्या राज्यात पिणाऱ्या एकट्या माणसाला सारा दोष देणे कितपत न्याय्य आहे, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ह्या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे, की हा मनाचा दुबळेपणा आहे. मन घट्ट केले, देवाचे नाव घेतले, चार चांगली माणसे भेटली, की सारे सुटेल. सुटत नसेल तर त्याला सोडायचेच नाही. दुसरे उत्तर असे, की हा मेंदूचा रोग आहे. मधुमेहात जशी रोग्याची इच्छा काही करू शकत नाही तशी येथेही करू शकत नाही. त्याने औषध घ्यावे आणि इतरांनी त्यास काही विचारू नये. पहिले उत्तर रोग्याला अपराधी ठरविते. दुसरे त्यास निरपराध ठरविते, परंतु त्याचे कर्तृत्वही काढून घेते. धार्मिक घरांत पहिले उत्तर अधिक चालते, आणि पुष्कळदा गीतेच्या नावाने चालते. म्हणून गीतेत ह्याविषयी काय आहे ते नीट पाहिले पाहिजे.

अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगताना भगवंतांनी तामस धृतीचे जे वर्णन केले आहे, त्यात निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद ही पाच एकत्र गुंफली आहेत. आजच्या वैद्यकाने ज्यांस खिन्नतेचा विकार, चिंताविकार, व्यसनाधीनता अशी पृथक् नावे दिली, त्यांच्या छाया एका श्लोकात शेजारी यावयाच्या, हे लक्षणीय आहे. परंतु त्या श्लोकाचा खरा विशेष क्रियापदात आहे. तेथे ‘करतो’ असे म्हटलेले नाही. सोडत नाही, असे म्हटले आहे. धृती म्हणजे धरून ठेवण्याची शक्ती. हीच शक्ती साधकास ध्येयाला चिकटवून ठेवते, आणि तीच उलटली की मनुष्य आपल्या दुःखाला आणि आपल्या नशेला तितक्याच घट्टपणे धरून राहतो. म्हणजे व्यसनी मनुष्याच्या ठिकाणी धृतीचा अभाव आहे, हे लोकांचे म्हणणे गीतेस मान्य नाही. त्याची धृती शाबूत आहे, भलत्या ठिकाणी अडकली आहे. सहा मैल चालून, उधारी करून, खोटे बोलून, लाज सोडून जो पेला मिळवितो, त्याच्याजवळ निश्चय नाही असे कोण म्हणेल?

ह्याच श्लोकात अशा मनुष्यास दुर्बुद्धी म्हटले आहे, आणि तेवढा एकच शब्द उचलून रोग्यावर फेकणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी तिसऱ्या अध्यायातील अर्जुनाचा प्रश्न वाचावा. मनुष्याची इच्छा नसतानाही, कोणी बळेच जुंपल्यासारखा, तो कशाच्या प्रेरणेने पाप करतो, असे अर्जुनाने विचारले आहे. जगातील प्रत्येक व्यसनी माणसाने सकाळी उठून स्वतःस विचारलेला हा प्रश्न आहे. भगवंतांनी त्यावर ‘असे होतच नाही, जो करतो तो आपल्या इच्छेनेच करतो’ असे उत्तर दिले नाही. बळजोरी होते, हे त्यांनी गृहीत धरले आणि ती बळजोरी करणाऱ्याचे नाव सांगितले : रजोगुणापासून उपजणारा, कधीही पोट न भरणारा काम. पुढे तीन दृष्टान्त दिले. धुराने अग्नी झाकतो, मळाने आरसा झाकतो, वारेने गर्भ झाकतो. तिन्ही ठिकाणी झाकलेली वस्तू नाहीशी झालेली नाही. मात्र आवरणाची दाटी सारखी नाही. धूर वाऱ्याने जातो, आरसा घासावा लागतो, आणि गर्भाचे वेष्टन तर काळ भरल्याशिवाय सुटतच नाही. ते घाईने फाडू गेल्यास जिवावर बेतते. मराठी घरांत मात्र प्रत्येकास धुराचेच औषध दिले जाते : फुंकर घाला, सुटेल.

ह्या तिसऱ्या दृष्टान्ताला वैद्यकाचा दुजोरा आहे. अनेक वर्षे रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केले, तर दोन-तीन दिवसांत हात कापणे, घाम, निद्रानाश, क्वचित झटके आणि भ्रम अशी लक्षणे होऊ शकतात, व त्यात प्राणही जाऊ शकतो. देवापुढे शपथ घालून, खोलीत कोंडून दारू सोडविणारे नातेवाईक हा धोका जाणत नाहीत. ज्यास आपण निश्चयाची परीक्षा समजतो, ती वास्तविक शरीराची परीक्षा असते आणि ती वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावयास हवी. चरकाने सूत्रस्थानात ह्याचे सूत्र केव्हाच सांगून ठेवले आहे. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट बुद्धिमान मनुष्याने क्रमाक्रमाने, चतुर्थांशाने, मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवीत सोडावी, आणि हितकर गोष्ट त्याच क्रमाने धरावी. एकाएकी सोडल्याने आणि एकाएकी धरल्याने अपाय होतो, असे तो म्हणतो. आजचे डॉक्टर पर्यायी औषध देऊन त्याची मात्रा दिवसादिवसाने उतरवितात. साधन निराळे, क्रम तोच. हेही सांगितले पाहिजे, की चरकाने उन्मादास आणि मदात्ययास पृथक् अध्याय दिले, त्यांची कारणे, लक्षणे, उपचार सांगितले, आणि औषधाच्या जोडीला मनाला अहित विषयांपासून आवरण्याचा ‘सत्त्वावजय’ हा स्वतंत्र उपचार मानला. शास्त्र शिकलेल्या वैद्यास रोग आणि संयम हे परस्परांचे वैरी वाटले नाहीत. ते वैर आपल्या काळाने निर्माण केले.

आता विषादाकडे वळू. गीतेचा पहिला अध्याय विषादाचा आहे, आणि परंपरेने त्यासही योग म्हटले आहे. अर्जुनाची गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, अंग थरथरले, धनुष्य हातातून निसटले, मन भ्रमू लागले. हे वर्णन वाचून अलीकडे कित्येक व्याख्याते अर्जुनास मनोरुग्ण ठरवितात आणि गीतेस मानसोपचार. ही घाई बरी नव्हे. अर्जुनाच्या विषादास समोर उभे असलेले कारण होते, तो काही घटकांत आला आणि उपदेशाने गेला. ज्या तरुणास आठवडेच्या आठवडे कारणावाचून झोप नाही, भूक नाही, कशात रस नाही, जगणेच नकोसे वाटते, त्याचा रोग उपदेशाने जाईल असे गीता कोठेही सांगत नाही. त्यास डॉक्टरच हवा. जॉन केड ह्या ऑस्ट्रेलियन वैद्याने १९४९ मध्ये उन्मादावस्थेवर लिथियमचा गुण दाखविला, पुढच्या काही वर्षांत इतर मनोविकारांवरील औषधे आली, आणि जी माणसे पूर्वी जन्मभर साखळीत बांधली जात, ती घरी राहून पोट भरू लागली. हाही ईश्वराचाच प्रसाद मानावयास भाविकांस अडचण पडू नये.

तथापि अर्जुनाच्या प्रसंगातून रोग्याच्या घरच्यांनी एक गोष्ट अवश्य उचलावी. पहिल्या अध्यायात भगवंत केवळ एकदा, अर्ध्या वाक्याइतके, बोलले आहेत. पुढे सारे बोलणे अर्जुनाचे आहे. तो रडतो, युक्तिवाद करतो, त्याच त्याच गोष्टी फिरून सांगतो, आणि श्रीकृष्ण मध्ये तोंड घालीत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते प्रथम बोलतात, तेव्हा दोन श्लोकांत अर्जुनाची कडक निर्भर्त्सना करतात : हे असले क्लैब्य तुला शोभत नाही, मनाचा क्षुद्र दुबळेपणा टाक, ऊठ. आपल्या घरांतले ‘मन घट्ट कर’ ते हेच. आणि ह्या निर्भर्त्सनेचा परिणाम काय झाला? काही झाला नाही. अर्जुन उठला नाही. मी लढणार नाही, असे म्हणून तो गप्प बसला. साक्षात् भगवंतांची कानउघाडणीही विषादापुढे चालली नाही, हे व्यासांनी लपविलेले नाही. त्यानंतर श्रीकृष्णांनी ती रीत सोडली, आणि सतरा अध्याय बसून, प्रश्नामागून प्रश्न ऐकून घेत, अर्जुन स्वतः ‘माझा मोह गेला’ असे म्हणेपर्यंत ते बोलत राहिले. आपले प्रवचनप्रिय आप्त त्या दोन श्लोकांवरच थांबतात. शिवाय अठराव्या अध्यायाच्या शेवटी, ज्याची ऐकण्याची इच्छा नाही त्यास हे सांगू नये, अशी आज्ञा आहे. खिन्न मनुष्याच्या उशाशी बसून त्याच्या मर्जीविरुद्ध गीता ऐकविणे हे गीतेच्याच आज्ञेविरुद्ध आहे.

ह्या निर्भर्त्सनेनंतर अर्जुनाच्या तोंडून जे निघाले ते अधिक महत्त्वाचे. दैन्याने माझा स्वभाव ग्रासला आहे, मला धर्म कळेनासा झाला आहे, मी तुझा शिष्य आहे, मला सांग. एवढ्या मोठ्या वीराने आपल्या हातून निभत नाही हे कबूल केले आणि तेथून गीता सुरू झाली. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यासक्त माणसांनी एकमेकांच्या आधारे दारू सोडून जी संघटना काढली, त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची पहिली पायरीदेखील हीच आहे : मद्यापुढे आपले काही चालत नाही, ही कबुली. १९५७ पासून भारतात तिच्या सभा भरत आल्या आहेत. नावगाव न विचारता माणसे बसतात आणि आपली हकीकत सांगतात.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. सहाव्या अध्यायात मनुष्याने स्वतःचा उद्धार स्वतःच करावा, स्वतःस खचवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. मग दुसऱ्याचा आधार कशाला, औषध कशाला? ह्याचे उत्तर त्याच्या पुढच्याच श्लोकात आहे. ज्याने स्वतःस जिंकले त्याचा आत्मा त्याचा बंधू. ज्याने जिंकले नाही त्याच्याशी त्याचाच आत्मा शत्रूसारखा वागतो. व्यसनाची आणि मनोविकाराची ह्याहून अचूक व्याख्या करणे कठीण. रोग्याचा शत्रू त्याच्या आतच बसला आहे आणि रोग्याच्याच आवाजात बोलतो : एकच घे, तू निकामी आहेस, तू गेलास तर घर सुटेल. घरात शिरलेल्या शत्रूशी झुंजणाऱ्या माणसाला ‘तुझे तू पाहा’ असे सांगणारा त्या श्लोकाचा अर्धाच भाग वाचतो. अर्जुनाने युद्ध स्वतःच केले, परंतु रथ त्याने हाकला नाही. उद्धाराचे कर्तृत्व रोग्याचे, आणि लगाम काही काळ दुसऱ्याच्या हाती, ही व्यवस्था गीतेच्या चित्रातच आहे.

दुसऱ्याच्या हाती म्हणजे कोणाच्या, हा पुढचा प्रश्न. आणि येथे घरातल्या स्त्रीचा विचार करणे प्राप्त आहे. मराठी मनावर ह्या बाबतीत गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ ह्या नाटकाचा ठसा खोल आहे. १९१९ मध्ये ते रंगभूमीवर आले. सुधाकर बुडत जातो. सिंधू माहेरचा आधार नाकारते, मोलमजुरी करते, सोसते. शेवटी मूल जाते, तीही जाते आणि सुधाकरही वाचत नाही. प्रेक्षक तिच्या पातिव्रत्यास नमस्कार करून घरी जातात. नाटककाराने मद्याची भीषणता दाखविली ती खरीच, पण त्या नमस्कारातून अनेक घरांनी जो धडा घेतला तो घातक ठरला. सोसत राहणे म्हणजे प्रेम, आणि दुसऱ्या कोणास सांगणे म्हणजे कुळाची अब्रू घालविणे, असा तो धडा आहे.

ह्याच्या कितीतरी शतके आधी, विदर्भाच्याच एका कन्येने निराळे वर्तन करून दाखविले होते. नळराजा द्यूताला बसला. महिन्यांमागून महिने गेले. मंत्री आणि पौरजन दाराशी आले, दमयंतीने परोपरीने विनविले. तो बोललादेखील नाही. कलीने त्याचा ताबा घेतला होता. हा आता थांबणार नाही हे दमयंतीने ओळखले, तेव्हा तिने पाशांपुढे बसून रडण्यात वेळ दवडला नाही. वार्ष्णेय नावाच्या सारथ्यास बोलावले, सर्वस्व जाण्यापूर्वी रथ जुंपावयास लावला, आणि आपली दोन्ही मुले कुंडिनपुरास माहेरी पाठवून दिली. स्वतः मात्र ती नळाबरोबर वनात गेली. मुलांना वाचविणे आणि नवऱ्याला न टाकणे, ह्या दोहोंत तिला विरोध दिसला नाही. त्याने टाकल्यावर ती माहेरी आली, सगळ्या देशांत माणसे पाठवून तिने त्याचा शोध घेतला. आणि तो सापडल्यावरही केशिनी दासीकडून त्याची बारकाईने पारख केल्यावाचून तिने त्याचा स्वीकार केला नाही. आज व्यसनी माणसाच्या पत्नीला जाणते समुपदेशक जे सांगतात, ते ह्याहून फार निराळे नाही : मुले सुरक्षित ठेव, पैसा त्याच्या हाती देऊ नकोस, त्याचे खोटे आपल्या तोंडाने झाकू नकोस, आणि तो बरा व्हावयास निघाला तर दार उघडे ठेव.

एकटी दमयंती मात्र प्रत्येक घरात नसते, आणि माहेरही असतेच असे नाही. भिलाईच्या भट्ट्यांना जेथून लोहखनिज जाते त्या दल्ली-राजहरा येथे, तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यात, १९७७ मध्ये खाणकामगारांनी आपली संघटना उभारली. शंकर गुहा नियोगी तिचे नेते. लढा देऊन मजुरी वाढली, आणि वाढलेली मजुरी दारूकडे वाहू लागली. तेव्हा त्याच संघटनेने दारूविरुद्ध मोहीम उघडली, आणि स्त्रिया तीत पुढे होत्या. १९८३ मध्ये कामगारांनी स्वतःच्या श्रमाने व पैशाने तेथे शहीद रुग्णालय बांधले. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. त्यांचे राजकारण कोणास पटो वा न पटो. जी गोष्ट एकेका घरात लाजेने कुजत होती ती त्यांनी साऱ्या वस्तीचा प्रश्न केली, हे मान्य करावे लागते. १९८६ मध्ये पुण्यास येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. तेथे व्यसनातून सुटलेली माणसेच नव्या येणाऱ्यांस सांभाळतात आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालतो. श्रेष्ठ जसे आचरतो तसे इतर आचरतात, असे गीता म्हणते. येथील श्रेष्ठ तो, जो कालपर्यंत त्याच खाटेवर होता.

कायदाही हळूहळू त्याच वाटेने आला आहे. आत्महत्येचा प्रयत्न पूर्वी सरळ गुन्हा होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्यास शिक्षेऐवजी सेवा द्यावी, असे त्या कायद्याने ठरविले. बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्याचे मानसिक रुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सरकारी सेवा मिळते, आणि तेथे फोन करणाऱ्यास तोंड दाखवावे लागत नाही. पद्मनाभपुरासारख्या वसाहतीत, जेथे खिडक्या समोरासमोर आहेत, ही शेवटची सोय लहान समजू नये. पाळीच्या नोकरीत झोपेचे तंत्र बिघडते, आणि झोपेचा बिघाड उन्माद-अवसादाच्या रोग्यास फार जाचतो. तेव्हा युक्त आहार, युक्त निद्रा व युक्त जागरण ह्यांविषयी सहाव्या अध्यायात जे सांगितले आहे, ते अशा घरात पथ्य म्हणून अक्षरशः पाळण्याजोगे आहे. एवढे मात्र खरे, की पथ्य हे औषधाच्या जोडीला असते. गीता वाचू लागल्यावर गोळ्या बंद करणारे भाविक गीतेचा मान वाढवीत नाहीत.

राहता राहिले पुनःपतन. ह्यानेच घरे सर्वाधिक खचतात. सहा महिने सुटलेली दारू एका लग्नात पुन्हा सुरू होते, बरा वाटणारा रोगी पुन्हा अंधारात जातो, आणि घरचे म्हणतात, सारे व्यर्थ गेले. चरकाला हा प्रकार ठाऊक होता. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अति पिऊ लागला की जो विकार होतो, त्यास ‘ध्वंसक’ हे स्वतंत्र नाव देऊन त्याने त्याची चिकित्सा सांगितली. त्यास सोडून द्या, असे सांगितले नाही. गीतेत हाच प्रश्न अर्जुनाने योगाच्या संदर्भात विचारला आहे. श्रद्धा आहे, पण प्रयत्न तोकडा पडला, मन ढळले, असा मनुष्य फुटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नष्ट होतो काय? श्रीकृष्णांचे उत्तर वात्सल्याचे आहे. ‘तात’ असे संबोधून ते सांगतात, की कल्याणाच्या वाटेने निघालेल्याची दुर्गती होत नाही. पूर्वी मिळविलेले त्याच्यापाशी राहते आणि तेथून तो पुन्हा चालू लागतो. आधीचे सहा महिने पुसले जात नाहीत. ते त्याच्या खाती जमा असतात.

मग दोष कोणाचा? नळाने दमयंतीस ह्याचे उत्तर दिले आहे, आणि ते विचार करण्याजोगे आहे. तो म्हणतो, माझे राज्य गेले ते मी केले नाही, कलीने केले. तुला टाकले तेही त्यानेच. हे ऐकून कोणास वाटेल की पुरुष आपल्या अंगावरचे झटकतो आहे. पण तो तेथे थांबत नाही. त्या कलीला जिंकले मात्र माझ्या उद्योगाने आणि तपाने, असे तो त्याच दमात सांगतो. पडण्याचे खापर तो स्वतःवर फोडीत नाही, आणि उठण्याचे काम दुसऱ्यावर टाकीत नाही. व्यवहारात ह्या दोन गोष्टी एकत्र धरणे फार कठीण जाते. जो स्वतःस दोषी मानतो तो बहुधा खचतो आणि पुन्हा पितो. जो स्वतःस निर्दोष मानतो तो बहुधा काहीच करीत नाही. नळाने दोन्ही धरल्या. शिवाय त्यास साहाय्य होतेच. कर्कोटकाच्या विषाने आतला कली सतत पोळत होता, बाहुक ह्या नावाने घोडे राखण्याचे नेमाचे काम त्यास मिळाले होते, आणि ऋतुपर्णाने त्यास अक्षहृदय, म्हणजे पाशांचे मर्म, शिकविले. ज्या गोष्टीने त्याला बुडविले तिचे स्वरूप त्यास कळले, त्या क्षणी कली बाहेर पडला. बाहेर पडलेला कली थरथरत हात जोडून उभा राहिला, तेव्हा नळाने राग आवरला आणि त्यास शाप दिला नाही.

ही कथा बृहदश्व ऋषींनी वनपर्वात ज्यास सांगितली तो युधिष्ठिर होता. धर्मराज म्हणून ज्याची ख्याती, तो राज्य, भाऊ आणि द्रौपदी पणाला लावून हरला होता, आणि एकदा सुटका झाल्यावर पुन्हा बोलावताच पुन्हा खेळावयास बसला होता. वनात आपल्याहून दुर्दैवी राजा कोणी पाहिला आहे काय, असे त्याने विचारले. बृहदश्वांनी त्यास द्यूताच्या पापावर व्याख्यान दिले नाही. नळाची सारी कथा सांगितली, आणि ती संपल्यावर, पुन्हा कोणी बोलावील ह्या भयाने तू व्याकूळ आहेस, असे म्हणून ते भय जाण्यासाठी त्यास अक्षहृदय शिकविले.